फोनवरची रोजनिशी: नोंदींमधील अंतर आणि देवनागरीची वाचनीयता

पेडणे तालुक्यातील तुये येथे माझे आजोळ. तुये म्हटले की बाहेरच्या माणसाला आता इलेक्ट्रॉनिक सिटी आठवते. मला आठवतात त्या मामांच्या फडताळात एकावर एक रचलेल्या वह्या. मामा तीस वर्षांहून अधिक काळ रोजनिशी लिहीत आले. पाऊस केव्हा लागला, काजूचा पहिला बोंडू कधी पिकला, वायंगणीला पाणी कधी सोडले, कामुर्लीची फेरीबोट कोणत्या दिवशी बंद होती, घरी कोण आले आणि गेले. आणि मधुमेहाचे निदान झाल्यापासून उपाशीपोटी साखर किती, ही शेवटची ओळ. एका पानावर एक दिवस, वर तारीख, डाव्या हाताला समास. वहीला नाव नव्हते, शिस्त होती.

दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीने त्यांच्या फोनवर रोजनिशीचे एक ॲप घालून दिले. टंकलेखन मामांना जड गेले नाही. बोलून लिहिण्याची सोय त्यांना फारच आवडली. अडचण उद्भवली ती चवथीनंतरच्या तपासणीत. डॉक्टरांनी पंधरवड्यातील आकडे विचारले, मामांनी फोन पुढे केला. जुनी नोंद वर, नवी खाली, अशी ती यादी होती. प्रत्येक नोंदीची तारीख नोंदीच्या शेवटी, बारीक आणि फिकट राखाडी अक्षरांत छापलेली होती, आणि तिच्या वरचे व खालचे अंतर अगदी सारखे होते. वहीची सवय असलेल्या डोळ्यांनी ती तारीख खालच्या नोंदीचा मथळा म्हणून वाचली. त्यामुळे सर्व आकडे एकेक दिवस मागे सरकले. चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची १८६ ही साखर चवथीच्याच सकाळची ठरली. म्हणजे नेवऱ्या ताटात येण्यापूर्वीच साखर चढलेली! सध्याची गोळी पुरेशी नाही असा अर्थ त्यातून निघाला आणि मात्रा वाढवण्याची भाषा सुरू झाली. मामांनी सवयीने वहीतही तेच आकडे टिपून ठेवले होते, म्हणून उलगडा झाला. गरज नसताना वाढवलेल्या गोळीने साखर एकदम खाली जाते आणि एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाला ते किती महागात पडू शकते, हे मधुमेही घरांना सांगावे लागत नाही.

चूक डॉक्टरांची नव्हती, मामांचीही नव्हती. दोन नोंदींमधील जागा चुकीची होती. ही जागा म्हणजे नेमके काय, ती किती असावी, आणि देवनागरीत लिहिणाऱ्या माणसासाठी तिचा विचार वेगळा का करावा लागतो, याची माहिती येथे एकत्र दिली आहे. ॲप तयार करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. पण तिचा बराचसा भाग फोन वापरणाऱ्या कोणालाही स्वतःच्या हाताने अमलात आणता येईल.

कागदावरची व्यवस्था

आपल्याकडे रोजच्या नोंदीची परंपरा जुनी आहे आणि ती मुख्यतः दप्तराची आहे. पेशवाईतील रोजनिशांतून निवडलेले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी संकलित केले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक खंडांत छापले गेले, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. व्यापाऱ्यांच्या घरी दोन प्रकारच्या वह्या असत. व्यवहार घडला त्या क्रमाने लिहायची ती रोजकीर्द, आणि तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा ती खतावणी. आजच्या रोजनिशीच्या ॲपमध्ये तारखेप्रमाणे दिसणारी यादी आणि विषयाप्रमाणे दिसणारी यादी असे जे दोन भाग असतात, ते या दोन वह्यांचेच वारस आहेत. एकाच पडद्यावर दोन्ही कोंबण्याचा प्रयत्न झाला की गोंधळ होतो. जुन्या कारकुनाने तो कधी केला नसता.

हे लेखन बहुतेक मोडीत असे. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. शब्द तोडण्याची रीत नव्हती. देवनागरी पोथ्यांतही शब्द सलग लिहिले जात. ओवी संपली की दोन दंड आणि मध्ये आकडा, एवढेच वाचकाला थांबण्याचे ठिकाण. तरीही पोथी वाचता येत असे, कारण लेखनिक इतर साधने वापरीत होता. दंडांवर आणि अध्यायाच्या आरंभी-अखेरीस लाल रंग किंवा गेरूचा हात फिरवलेला असे, चारही बाजूंना समास मोकळा असे, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकले जाई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्याच लेखनिकांच्या चटईवरून आपल्या बोलण्यात आला.

शब्दांमधील मोकळी जागा, परिच्छेद, स्वल्पविराम, अर्धविराम ही सारी छापखान्याच्या काळात स्थिरावलेली मंडळी. विरामचिन्हे मराठीत रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर होता. दोन भाषा, दोन लिप्या, एकच पान; आणि वाचकाची वाट चुकू नये म्हणून मध्ये उभे अंतर. आमच्या व्यवसायातील माणसाला यात मौज वाटते ती अशी, की मराठी पत्रकारितेच्या पहिल्याच अंकासमोर हा प्रश्न उभा होता, आणि तो शब्दांनी नव्हे तर मांडणीने सोडवावा लागला.

फोनच्या पडद्यावर पान नाही. पान उलटणे नाही, म्हणून दिवस संपल्याची हाताला होणारी जाणीवही नाही. वरून खाली एकच लांबलचक पट्टी सरकत राहते. वहीत जे काम कागदाची कड करीत होती, ते येथे मोकळ्या जागेला, रेघेला, रंगाला आणि अक्षराच्या जाडीला वाटून घ्यावे लागते.

देवनागरीची उंची

बहुतेक ॲप रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखली जातात आणि नंतर त्यांत मराठी ओतली जाते. रोमन अक्षरे खालच्या अदृश्य रेघेवर उभी असतात. आपली अक्षरे वरच्या शिरोरेखेला टांगलेली असतात. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. अक्षराच्या खाली उकार, ऋकार, हलन्त, आणि ‘द्ध’सारखी खाली उतरत जाणारी जोडाक्षरे. म्हणजे एका ओळीत तीन मजले. ‘मूर्तींचे’ हा साधा शब्द घ्या. ‘मू’चा ऊकार तळमजल्यावर, आणि ‘र्तीं’वर वेलांटी, रफार व अनुस्वार तिघे एकाच ठिकाणी दाटीवाटीने. वरच्या ओळीतील ‘कर्तृत्व’मधील ऋकार या अनुस्वाराला टेकला की दोन्ही ओळी बिघडतात.

म्हणून ओळींमधील अंतर हा मराठीत शोभेचा प्रश्न राहत नाही. अक्षराच्या आकाराच्या १.२ पट अंतर इंग्रजी मजकुराला कसेबसे चालून जाते. मराठीला ते अपुरे पडते. रोजच्या कामातील अनुभवावरून सांगायचे तर फोनवर १.५ ते १.७ पट हे अंतर डोळ्यांना सुखाचे असते. त्याहून फार वाढवले की उलट दोष उत्पन्न होतो. ओळी सुट्या सुट्या तरंगू लागतात आणि परिच्छेद एकसंध दिसत नाही. तळमजला कापला जाण्याचा दोषही याच कुटुंबातला. बटणावर किंवा यादीतील ठरावीक उंचीच्या चौकटीत मराठी मजकूर बसवला की उकार अर्धे छाटले जातात आणि ‘गुरुवार’ला ‘गरवार’चे रूप येते. ॲप तपासताना ‘मूर्तींचे कर्तृत्व’ असा निरर्थक मथळा टंकून पाहावा. जे काही तुटायचे ते तेथेच तुटते.

आकाराचेही तसेच. एकाच मापाच्या चौकटीत वरचे आणि खालचे मजले सामावून घ्यायचे असल्याने देवनागरीचे मधले, म्हणजे खरे वाचायचे अक्षर, तुलनेने लहान राहते. ज्या मापात इंग्रजी नीट वाचता येते, त्याच मापात मराठी बारीक वाटते ते यामुळे. इंग्रजीसाठी १६ हे माप धरले असेल तर मराठीला १८ द्यावे. मामांसारख्या सत्तरीच्या वाचकाला २० ही अतिशयोक्ती नाही.

रोमन लिपीत मथळा वेगळा दाखवण्याची काही हुकमी साधने आहेत, ती आपल्याला मिळत नाहीत. मोठी अक्षरे आपल्या लिपीत नाहीत, त्यामुळे सगळा मथळा मोठ्या अक्षरांत लिहिण्याची सोय नाही. तिरपी अक्षरे देवनागरीच्या वळणात नाहीत. यंत्राने जबरदस्तीने तिरपे केलेले ‘श’ आणि ‘क्ष’ वाऱ्याने कललेल्या माडासारखे दिसतात. शब्दाखालची रेघ उकारांना छेदते. अक्षरांमधील अंतर वाढवले तर शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. हा दोष आजही अनेक जाहिरात फलकांवर ढळढळीत दिसतो. मग उरते काय? आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. चारच साधने असली तरी ती पुरतात; मात्र चारही एकाच वेळी वापरायची नसतात. तारीख ठळक केली असेल तर तिला पुन्हा रंग, रेघ आणि चौकट देण्याचे कारण नाही.

दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुराबद्दल वृत्तपत्रात काम करणाऱ्याने बोलू नये, कारण आमचा धर्मच तो. तरीही सांगतो. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून ‘ग्रामपंचायतीच्या’, ‘मुख्यमंत्र्यांसमवेत’ असे लांब शब्द सतत येतात. फोनच्या अरुंद ओळीत असे दोनच शब्द मावतात आणि कडा जुळवण्यासाठी मधली जागा ताणली जाते. पाच-सहा ओळींत ही भोके एकाखाली एक आली की मजकुरातून पांढरे ओघळ वाहू लागतात. फोनवर उजवी कड मोकळी सोडावी.

अंतराचा हिशेब

जवळ असलेल्या गोष्टी एका गटातील वाटतात आणि दूर असलेल्या वेगळ्या वाटतात, ही गोष्ट अंगणात काजूबिया वाळत घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. तिचा शास्त्रीय मांडणीत उपयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांच्या १९२३ मधील प्रसिद्ध लेखापासून रूढ झाला. ठिपक्यांच्या ओळीतील अंतरे थोडी बदलली की डोळा आपोआप जोड्या लावतो. सांगावे लागत नाही आणि थांबवताही येत नाही.

मामांच्या ॲपने याच नियमाविरुद्ध वर्तन केले होते. तारखेच्या वर जेवढी जागा, तेवढीच खाली. डोळ्याला कौल देता येईना, म्हणून त्याने सवयीचा आधार घेतला, आणि सवय वहीची होती. हिशेब साधा आहे. तारीख आणि तिची नोंद यांच्यातील अंतर सर्वांत कमी. एकाच दिवसातील दोन परिच्छेदांमधील अंतर त्याहून थोडे अधिक. एक दिवस आणि दुसरा दिवस यांच्यातील अंतर त्याच्या किमान दुप्पट, शक्य तर तिप्पट. आकड्यांत बोलायचे तर ६, १२ आणि ३२ अशी मापे ठेवली तर रेघ न मारताही दिवस वेगळे दिसतात. ६, ८ आणि १० अशी ठेवली तर काहीच वेगळे दिसत नाही. फरक आहे हे केवळ आखणाऱ्याला माहीत असते.

मग रेघ मारावी की चौकट घालावी? रेघ स्वस्त आहे आणि वहीची आठवण करून देते, परंतु मराठी मजकुरात तिचा एक विशेष धोका आहे. आपल्या प्रत्येक ओळीवर आधीच एक रेघ असते. शिरोरेखेच्या जाडीची आणि त्याच रंगाची विभाजक रेघ मजकुराजवळ आणली की ती न लिहिलेल्या शब्दाची शिरोरेखाच वाटते. विभाजक रेघ शिरोरेखेहून बारीक व फिकट असावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा असावी; दिवस संपल्यावर रेघ मारायची असेल तर ती पुढील तारखेच्या वर, तारखेला जवळ. प्रत्येक नोंदीभोवती चौकट घालण्याची पद्धत हल्ली फार बोकाळली आहे. एकेका ओळीच्या नोंदी असतील तर चौकटींच्या कडा मजकुरापेक्षा अधिक होतात आणि पडदा पोस्टाच्या तिकिटांच्या पत्र्यासारखा दिसू लागतो. दिवसाची नोंद लांब असेल, तिच्यात छायाचित्र असेल, तर पार्श्वभूमीची अगदी हलकी छटा देऊन केलेला पत्ता शोभतो. एरवी जागा पुरे.

तारीख नोंदीच्या वर असावी, शेवटी नव्हे, आणि नोंद वाचत असताना ती पडद्याच्या माथ्यावर टिकून राहावी. लांब नोंद सरकवताना तारीख वर निघून गेली तर मधला परिच्छेद कोणत्या दिवसाचा हे कळत नाही. ही सोय तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे. अनेक ॲप ती देतात आणि तितकीच विसरतात.

दृष्टिहीन वाचकांचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. रेघ दिसते, ऐकू येत नाही. अँड्रॉइडवरील टॉकबॅक किंवा आयफोनवरील व्हॉइसओव्हर मजकूर वाचून दाखवतात, तेव्हा मोकळी जागा आणि छटा यांना काहीच अर्थ उरत नाही. तारखेला ॲपच्या रचनेत ‘मथळा’ अशी ओळख दिलेली असेल तरच ऐकणाऱ्याला एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर उडी मारता येते. दिसायला सुबक असलेली आणि ही ओळख न दिलेली ॲप कमी नाहीत.

फिकट तारखेचा प्रश्न

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी मार्गदर्शक निकष प्रसिद्ध करते. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आणि तिचा २.१ हा विस्तार २०१८ मध्ये आला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत तेथे गुणोत्तराने मोजतात. पांढऱ्यावर पांढरे म्हणजे १, पांढऱ्यावर काळे म्हणजे २१. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ हवे, असा निकष आहे. पडद्यावरचा राखाडी रंग लाल, हिरवा व निळा यांच्या समान प्रमाणातून होतो आणि प्रत्येकाचे माप ० ते २५५ असते. हे माप ११८ असेल तर पांढऱ्यावरचे गुणोत्तर ४.५४ येते, ११९ केले की ४.४८, म्हणजे निकषाखाली. एका अंकाने पास-नापास! ॲपमधून तारखांना सर्रास वापरला जाणारा १५३ मापाचा राखाडी जेमतेम २.८ पर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या एका ओळीवर संपूर्ण नोंदीचा अर्थ अवलंबून, तीच सर्वांत दुर्बल.

हे निकष काढताना पडद्यावर पडणाऱ्या बाहेरच्या उजेडासाठी सूत्रात थोडी सोय केलेली आहे, पण ती खोलीतल्या उजेडाची. चैत्रातील दुपारी शापोऱ्याच्या पात्रात फेरीबोटीवर उभे राहून फोन पाहिला की ती सोय कोठल्या कोठे जाते. बाहेरचा उजेड काळ्या अक्षरावरही पडतो आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरही. दोन्ही उजळतात आणि त्यांच्यातील फरक आटतो. जो माणूस शेतात, बागायतीत किंवा गाड्यावर नोंद करतो, त्याच्यासाठी ४.५ हा शेवट न मानता आरंभ मानावा आणि ७ च्या पुढेच राहावे.

काळ्या पार्श्वभूमीची सोय २०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर फोनभर लागू होणारी म्हणून आली. रात्री ती सुखद वाटते. परंतु गडद काळ्यावर शुभ्र पांढरी देवनागरी काहींच्या डोळ्यांना, विशेषतः दृष्टीत वक्रतेचा दोष असेल तर, पसरल्यासारखी दिसते. बारीक वळणे भरून जातात आणि ‘ध’ व ‘घ’ यांच्यातील फरक पुसट होतो. पार्श्वभूमी गडद राखाडी आणि अक्षरे किंचित मळकी पांढरी ठेवली की हा त्रास कमी होतो. शिवाय काळ्यावर सावली दिसत नाही. दिवसा सावलीने वेगळे दाखवलेले पत्ते रात्री एकमेकांत विरघळतात. तेथे पत्त्याची छटाच पार्श्वभूमीहून थोडी उजळ करावी लागते.

रंगाने वर्गवारी करणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की लाल आणि हिरवा यांतील फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्यात आहेत. वाढलेली साखर लाल, ठीक असलेली हिरवी असे करायचे असेल तर सोबत ‘जास्त’, ‘ठीक’ हे शब्दही हवेत.

अक्षरे आणि अंक

संगणकावर मराठी युनिकोडमध्ये स्थिरावली तेव्हा बहुसंख्य लोकांनी प्रथम पाहिलेला टंक म्हणजे विंडोजमधील ‘मंगल’. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’, गूगलचा ‘नोटो’, टिरो टाइपवर्क्सचा मराठीसाठी वेगळा केलेला देवनागरी टंक, असे अनेक पर्याय विनामूल्य मिळतात. यांतील शेवटच्याचे महत्त्व असे, की मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळा आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठी वळणालाच मान्यता आहे. मजकूर मराठी आहे अशी खूण ॲपने आत केलेली असेल, आणि टंकात दोन्ही वळणे असतील, तर योग्य अक्षर आपोआप उमटते. ती खूण नसेल तर मराठी रोजनिशी हिंदी वळणात दिसते. वाचता येते, परकी मात्र वाटते.

याहून गंभीर गोष्ट अर्ध्या ‘र’ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक म्हणजे गुरुजी आणि स्वयंपाकी यांतील फरक. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे तर समुद्र आणि डोंगरांमधील खोल जागा. हा अर्धा ‘र’ संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठवला जाऊ शकतो, आणि दिसायला दोन्ही एकच. परिणाम असा, की एका कळपाटाने लिहिलेला ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दुसऱ्या कळपाटाने शोधला तर सापडत नाही, आणि आपण ती नोंद केलीच नव्हती असे वाटते. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक मानण्याची सोय ॲपने केली पाहिजे. वापरणाऱ्याने एकच कळपाट धरून ठेवावा.

औषधांची नावे बहुधा रोमन लिपीत येतात. एका ओळीत टांगलेली अक्षरे आणि उभी अक्षरे शेजारी आली की रोमन शब्द मोठा तरी दिसतो नाही तर खाली घसरलेला तरी. दोन्ही लिप्या एकाच हाताने घडवलेला टंक घेतला तर हे टळते. देवनागरी अंकांबाबत माझे मत मराठीच्या बाजूचे असले तरी एक सावधगिरी सांगतो. बारीक आकारात ‘१’ आणि ‘९’ यांचा घोळ होतो. १४० आणि ९४० कोणी गोंधळणार नाही, पण ११८ आणि १९८ दोन्ही साखरेच्या कक्षेतले आहेत. आकडे मजकुराहून एक पायरी मोठे ठेवावेत आणि स्वतंत्र ओळीत लिहावेत. तारीखही आकड्यांत लिहू नये. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकी मांडणीच्या ॲपमध्ये ४ मार्च. ‘गुरुवार, ३ एप्रिल’ असे लिहिले की वार आणि महिना एकमेकांची साक्ष देतात.

फोनवर आपल्या हातात असलेले

फोनच्या मांडणीत अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय असते. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीपासून तो दुपटीपर्यंत नेता येतो, आणि आधीच मोठे असलेले मथळे त्या प्रमाणात फुगत नाहीत. आकार वाढवल्यावर ॲपमधील मजकूर कापला जात असेल तर ते ॲप बदललेले बरे. फोनची भाषा मराठी केली तर काही ॲप तारीख आणि वार मराठीत दाखवतात. जेथे ॲपची तारीख फिकट आहे आणि ती बदलता येत नाही, तेथे नोंदीच्या पहिल्याच ओळीत स्वतः वार-तारीख लिहावी आणि खाली एक ओळ मोकळी सोडावी. पडदा हातभर लांब धरून डोळे अर्धे मिटावेत. मजकूर धूसर होतो, पण गठ्ठे दिसतात. जितके दिवस, तितके गठ्ठे मोजता आले पाहिजेत.

एक काम मात्र वर्षातून एकदा तरी करावे. नोंदी पीडीएफ करून बाहेर काढाव्यात आणि त्या उघडून पाहाव्यात. अनेक ॲप पडद्यावर मराठी नीट दाखवतात आणि पीडीएफमध्ये मात्र वेलांट्या अक्षरापासून तोडून, जोडाक्षरे फोडून छापतात. ॲप बंद पडल्यावर हाती राहणार आहे ती हीच प्रत.

मामांनी फोन सोडला नाही. मामेबहिणीने त्यांना दुसरे ॲप घालून दिले, ज्यात तारीख वर आणि ठळक आहे. अक्षरे २० मापाची, पार्श्वभूमी वहीच्या कागदासारखी फिकट पिवळसर. साखरेचा आकडा ते आता नोंदीच्या पहिल्या ओळीत, तारखेखाली लगेच लिहितात, आणि पावसाची ओळ त्यानंतर. दिवसाची नोंद संपली की ते दोन दंड देतात. ते का, असे मी विचारले, तर म्हणाले, पोथीत असतात ना.